माप ठाऊक हवे



महात्मा बसवण्णांच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे आयदक्की मारय्या शरणांचे कायक. एके दिवशी त्यांनी रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आणले. पत्नी लक्कम्मांनी ते पाहिले आणि जास्तीचे परत टाकून यायला सांगितले. ही कथा आपण निर्लोभतेसाठी सांगतो, ते योग्यच. पण जास्त झाले हे लक्कम्मांना कळले कसे? रोजचे माप त्यांना ठाऊक होते म्हणून. माप ठाऊक नसणाऱ्याला कमी आलेलेही कळत नाही.

मध्यंतरी निपाणीकडची एक माउली मुलासह मठात आली. पुण्याच्या एका कंपनीचे ऑफर लेटर गद्दुगीपुढे ठेवून म्हणाली, "अप्पाजी, पस्तीस हजारांची नोकरी लागली. आशीर्वाद द्या."

आम्ही पत्र वाचावयास मागितले. वर्षाचा आकडा ४,२०,०००. पण त्यातच दरमहा भविष्यनिर्वाह निधीचा कंपनीचा हिस्सा २,१००, ग्रॅच्युइटीचे सुमारे ८४० आणि कामगिरी पाहून वर्षअखेरीस द्यावयाचे ३,५०० रुपये धरलेले. मुलाचा स्वतःचा हिस्सा २,१०० आणि व्यवसाय कर गेल्यावर हाती येणार सव्वीस हजारांच्या आसपास! वडील मात्र पस्तीस हजार धरून सोसायटीचे कर्ज काढायला निघालेले. तिसऱ्या पानावर दोन वर्षांचा बाँड, आणि मूळ गुणपत्रके कंपनीकडे ठेवण्याची अट. मुलाने ते पान वाचलेच नव्हते.

"हे सारे पत्राने विचार," आम्ही म्हणालो.

"विचारले तर नोकरी जाईल, अप्पाजी."

एवढी भीती कशाची, म्हणून आम्ही खोदून विचारले. तेव्हा कळले, सहा महिन्यांची उमेदवारी त्याने अर्जात एक वर्षाचा अनुभव म्हणून लिहिली होती. हेच ते जास्तीचे तांदूळ! समोरच्याचे माप तपासायचे, तर आधी आपली झोळी उपडी करावी लागते. म्हणून आम्ही त्याला एकाच पत्रात दोन्ही लिहायला सांगितले: स्वतःची चूक आणि कंपनीला विचारायच्या गोष्टी. गुणपत्रके दाखवावीत, प्रती द्याव्यात, मूळ कागद कोणाकडे गहाण ठेवू नयेत, हेही बजावले.

माउली नाराज झाली. तिचेही खरे आहे, घरात दुसरे मिळवते कोणी नाही. नोकरी राहील असे वचन आम्ही दिले नाही. ते आमच्या हाती नाही.

जाताना तिने विचारले, "मग सही कोणत्या मुहूर्तावर करायची?"

लिंगवंताला कसला मुहूर्त, माउली! लेखी उत्तर येईल, ते पोर नीट वाचेल, त्या दिवशी.