गीता ३.१२ : फुकट पाहणारा चोर कसा?



आजचा श्लोक तिसऱ्या अध्यायातला बारावा. हा श्लोक मी तीन वेळा टाळून पुढे गेलोय, हे आधीच सांगून टाकतो. भगवंत इथे सरळ म्हणतात की यज्ञानं तृप्त झालेले देव तुम्हाला हवं ते देतील, पण त्यांनी दिलेलं त्यांना काहीच परत न देता जो एकटा भोगतो, तो चोर. शब्द अगदी रोखठोक आहे, 'स्तेन'. पापी नाही, अज्ञानी नाही, चोर. आणि तो वाचला की मला आमच्या बाळापूरच्या घरातला टीव्ही आठवतो.

झालं असं. मागच्या दिवाळीत मी पुण्याहून गावी जाताना आईबाबांसाठी ४३ इंची टीव्ही घेतला. जुना डबा काढला, नवा भिंतीवर लावला, मागे स्टिक खोचली आणि त्यात एक ॲप टाकलं. नाव सांगत नाही, तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. प्ले स्टोअरवर मिळत नाही, मित्राकडून फाइल घ्यावी लागते. त्यात सगळं काही आहे. सगळे चॅनेल, सगळे ओटीटी, कालचा सिनेमा आणि रामानंद सागरांचं 'रामायण' सुद्धा. अर्ध्या तासात मी घरचा हिरो झालो. शेजारचे काका येऊन रिमोट हातात घेऊन बघून गेले.

बाबा एसटीत कंडक्टर होते. अकोला–खामगाव रस्त्यावर त्यांची उभी हयात गेली. त्यांनी दोन दिवस टीव्ही पाहिला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना विचारलं, "हे इतकं सगळं कितीले पडते रे?"

मी म्हटलं, "काहीच नाही बाबा. फुकट."

"फुकट कोन देते?"

"कोणी देत नाही. असंच मिळते."

बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मंग तिकीट नाई फाडलं म्हन ना."

विषय तिथेच संपला. बाबा रागावले नाहीत, ॲप काढ असंही म्हणाले नाहीत. संध्याकाळी पाहिलं तर त्यांनी माळ्यावरून फ्री डिशचा जुना सेट टॉप बॉक्स काढून पुसायला घेतला होता.

आता मी इंजिनिअर माणूस. वाद हरला की डोक्यात तो पुन्हा चालवून बघायची सवय. त्या रात्री मी माझी बाजू मांडून पाहिली, आणि ती तुम्हालाही ओळखीची वाटेल. एक : डिजिटल वस्तूची कॉपी केली तर मूळ वस्तू कमी होत नाही. मी कोणाची सायकल नेली तर त्याला पायी जावं लागतं. मी सिनेमा पाहिला तर कोणाचा सिनेमा गेला? दोन : मी तसेही पैसे भरणार नव्हतोच, मग तोटा कसला? तीन : या कंपन्या अब्जावधींच्या आहेत, त्यांना माझ्या १९९ रुपयांनी काय फरक पडतो? चार : एक मालिका इथे, क्रिकेट तिथे, मराठी सिनेमा तिसरीकडे. सगळ्यांची वर्गणी भरायची तर महिन्याचा किराणा त्यात जाईल. हा चौथा मुद्दा मला आजही खोटा वाटत नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत ट्रायनं 'हवे तेच चॅनेल घ्या, तेवढेच पैसे द्या' असा नियम आणला, १०० चॅनेलसाठी १३० रुपये आणि वर कर. पण त्या १३० च्या वर पैशाचे चॅनेल एकेक जोडत गेलं की बिल कुठे जातं ते ज्यानं भरलं त्याला विचारा.

पण पहिले दोन मुद्दे घेऊन मी बाबांसमोर गेलोच नाही, कारण ते त्यांनी तीस वर्षं रोज ऐकले होते. विनातिकीट पकडलेला माणूस काय म्हणतो? "गाडी तर जातच होती ना, मी बसलो त काय झालं? सीट त रिकामीच होती." शब्दशः माझाच युक्तिवाद. मी बसल्यानं डिझेल जास्त लागत नाही, सीट झिजत नाही. कॉपी केल्यानं मूळ वस्तू कमी होत नाही, हे एसटीत कधीचं सांगून झालंय. आणि तरीही प्रत्येकानं तसंच म्हटलं तर गाडी जात नाही, हे कंडक्टरला कळतं. प्रवाशाला कळत नाही, कारण तो त्याच्या एका सीटपुरतंच बघतो.

तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर मला या श्लोकात सापडलं, आणि त्यासाठीच आज लिहायला बसलो. जरा नीट पाहा, भगवंत उदाहरण कोणाचं देतायत? देवांचं. देवांना काय कमी आहे? इंद्राच्या घरी माझी समिधा पोचली नाही म्हणून तिथली चूल बंद पडणार आहे का? नाही. म्हणजे इथे चोरीची व्याख्या 'समोरच्याचं नुकसान किती झालं' यावर बेतलेलीच नाही. आधीच्या, अकराव्या श्लोकात एकमेकांना वाढवण्याची गोष्ट आहे. तुम्ही देवांना, देव तुम्हाला. एक चक्र आहे. त्या चक्रातून घ्यायचं आणि चक्रात काही टाकायचं नाही, एवढ्यालाच ते चोरी म्हणतात. समोरचा श्रीमंत असो की गरीब, तो प्रश्नच नाही. मी इतकी वर्षं 'कंपनी मोठी आहे' हे कारण स्वतःला देत होतो, आणि गीतेनं ते कारण सर्वात मोठा देणारा घेऊनच निकालात काढलं होतं.

अजून एक गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी ज्या कंपनीत काम करतो तिचं सॉफ्टवेअर वर्गणीवर चालतं. एका लॉगिनवर चार ऑफिसं चालवणाऱ्यांना ओळखून बाहेर काढणारा कोड मी लिहिलाय. आठवड्याचे पाच दिवस लोकांचं फुकट बंद करायचं, त्या पगारातून टीव्ही घ्यायचा, आणि दिवाळीत गावी जाऊन स्वतःचं फुकट सुरू करायचं. हा विरोधाभास मला बाबांच्या त्या एका वाक्यापर्यंत कधी टोचला नव्हता.

ते ॲप चालतं कसं, हेही तेव्हा बसून पाहिलं. कुठेतरी कोणीतरी रीतसर वर्गणी भरतो, त्याच्याकडे कुलूप उघडून आलेलं चित्र पकडतो आणि स्वतःच्या सर्व्हरवरून हजारो घरांत सोडतो. सर्व्हरचा खर्च निघतो जाहिरातींतून, आणि जाहिराती कसल्या, तर सट्ट्याच्या. आई 'महाभारत' बघत होती आणि द्यूताचा प्रसंग चालू असताना खाली पट्टी फिरत होती, 'आजच खेळा, जिंका'. हसावं की रडावं कळेना. म्हणजे पैसे कोणालाच जात नव्हते असं नाही. ज्यांनी मालिका केली त्यांना सोडून जात होते. शिवाय इन्स्टॉल करताना त्यानं मागितलेल्या परवानग्या मी न वाचता 'हो' केल्या होत्या. ऑफिसात ज्युनिअरनं असं केलं असतं तर मी त्याला अर्धा तास ऐकवलं असतं.

कायदाही आहे. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीनं चोरून चित्रीकरण करणाऱ्याला आणि ते पसरवणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान ३ लाख दंड ठेवलाय. पण कायद्याच्या भीतीनं रिमोट खाली ठेवायचा असेल तर गीता कशाला वाचायची?

आता दुसरी बाजू. आपल्या परंपरेत 'फुकट' हा वाईट शब्द नाहीच. शेगाव आमच्या बाळापूरहून जवळ. तिथे महाप्रसादाच्या रांगेत बसलेल्याला कोणी पैसे विचारत नाही. माउलींनी १२९० साली नेवाशाला गीता मराठीत सांगितली, ती सर्वांना मिळावी म्हणूनच. मग एखादा म्हणेल, ज्ञान आणि आनंद मोकळा असावा हीच वारकऱ्यांची शिकवण आहे, पासवर्ड कसले लावता? मला हा मुद्दा फार आवडतो, म्हणूनच त्यात फसायला होतं. माउलींनी स्वतःचं दिलं. प्रसाद फुकट आहे कारण देणाऱ्यानं तो दिलाय, त्यामागे दात्यांचं धान्य आणि सेवेकऱ्यांचा घाम आहे. देणाऱ्यानं मोकळं सोडलेलं आणि घेणाऱ्यानं मोकळं करून घेतलेलं, या दोन्ही ताटांत पोळी सारखीच दिसते.

हा फरक बाबांनी मला एसटीच्या भाषेत सांगितला. ७५ वर्षांपुढच्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून एसटीत प्रवास मोफत आहे. पण त्या आजोबांनाही तिकीट दिलं जातं, शून्य रुपयाचं. मी विचारलं, शून्याचं तिकीट कशाला फाडायचं? बाबा म्हणाले, "हिशोबात आला पायजे ना मानूस. सरकार त्याचे पैसे महामंडळाले देते." फुकट आहे, पण कोणीतरी भरतंय, आणि कोण भरतंय ते लिहिलेलं आहे. मग त्यांनी अजून एक सांगितलं, जे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. ही सवलत यायच्या आधी, पारस फाट्यावर कधी एखादी म्हातारी चढायची जिच्याकडे पैसे नसायचे. बाबा तिला उतरवायचे नाहीत आणि विनातिकीटही न्यायचे नाहीत. पंच करून तिकीट द्यायचे आणि पैसे स्वतःच्या खिशातून पिशवीत टाकायचे. दया दाखवायची तर आपल्या खिशातून. महामंडळाच्या खिशातून दाखवलेल्या दयेला ते दया म्हणत नाहीत.

मी ॲप काढलं. मोठा त्याग वगैरे काही नव्हता, कारण बघायला भरपूर उरलं. फ्री डिशला महिन्याची वर्गणीच नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये प्रसार भारतीनं 'वेव्हज' सुरू केलं, त्यातलंही बरंच काही मोकळं आहे. आईला तेवढं पुरतं. तिची खरी आठवण १९८७ ची, जानेवारीत रामायण सुरू झालं तेव्हाची. गल्लीत एकच टीव्ही, रविवारी सकाळी अख्खी गल्ली त्या घरात, चपलांचा ढीग बाहेर. तिकीट नव्हतंच, पण कोणी रिकाम्या हातानं गेलं नाही म्हणते. कोणी फुलं, कोणी शेंगदाणे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तेच रामायण पुन्हा लागलं तेव्हा तिनं टीव्हीला हार घातला, मी व्हिडिओ कॉलवर हसलो होतो. आता हसू येत नाही. बिचारी अकराव्या श्लोकातलंच करत होती.

आमच्या बाळापूरच्या बाळकृष्णबुवांची गोष्ट 'गजानन विजय'च्या पारायणात तुम्ही ऐकली असेल. दरवर्षी पत्नीसह पायी सज्जनगडाला जायचे, म्हातारपणी पाय थकले, तेव्हा समर्थांनी स्वप्नात सांगितलं की आता तू येऊ नकोस, दासनवमीला मीच तुझ्या घरी येतो. आणि महाराज दारात उभे राहिले. दर्शन घरपोच मिळालं, पण आयुष्यभर चालून झाल्यावर. मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकतोय. आम्हाला मात्र घरपोचच पाहिजे, चालणं वगळून.

एका ठिकाणी मात्र माझं मन अजून कंपन्यांशी भांडतं, ते म्हणजे पासवर्ड. नेटफ्लिक्सनं २०२३ च्या जुलैत भारतात जाहीर केलं की एक खातं एकाच घरात वापरायचं. घर म्हणजे काय, तर एका छताखाली राहणारे. मी पुण्यात, बहीण नागपुरात, आईबाबा बाळापुरात. रेशनकार्ड वेगळं झालं तरी आमचं घर एकच आहे, आणि ते कोणत्याही वायफायला कळणार नाही. पण करार वाचून मीच 'मान्य' दाबलंय, म्हणून बहिणीचं वेगळं खातं काढून दिलं. कुरकुरत. कुरकुरत भरलेलं तिकीटही तिकीटच, हे बाबांचं मत.

शेजारच्या काकांचा मुलगा परवा फोनवर म्हणाला, "दादा, ते ॲप मले द्या ना." त्याचे वडील सोयाबीनच्या काढणीला रोजानं जातात. मी त्याला वेव्हज सांगितलं. तो म्हणाला, त्यात नवे पिक्चर नाहीत. मला माझ्या पगारावर चोरी सोडणं सोपं गेलं, त्याला मी काय सांगू? बाबांच्या हिशोबानं पाहिलं तर त्याचं तिकीट मी काढायला हवं. एका महिन्याचं काढलंय सध्या. पुढच्या महिन्याचं काय, आणि गल्लीतल्या बाकीच्या पोरांचं काय, ते ठरलेलं नाही. तुमच्यापैकी कोणी असं काही केलं असेल तर खाली लिहा.

उद्या तेरावा श्लोक, स्वतःपुरतं रांधणाऱ्यांचा.

राम कृष्ण हरी.