माहीत नव्हतं म्हणून

गेल्या महिन्यात 2011ची सँट्रो घेतली. मीटरवर 1,38,000 किलोमीटर. आधीचे मालक शेजारच्या सोसायटीतले काका. म्हणाले, "काही काम नाही, बिनधास्त चालव." खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं. सर्व्हिस बुकातली शेवटची नोंद मात्र 82,000ची.

1877 साली क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने एका निबंधात एक जहाजमालक उभा केला. जहाज जुनं, मनात शंका; ती दाबून तो प्रवासी पाठवतो. क्लिफर्ड म्हणतो, जहाज सुखरूप पोचलं तरी तो तितकाच दोषी. मला हे अति वाटायचं. कुणाला सापडलाच नाही तो बग कसला?

मग टायरवर चार आकडे दिसले: 2316. म्हणजे 2016चा तेविसावा आठवडा. नक्षी छान शिल्लक, कडेला बारीक भेगा. ब्रेक ऑइल काळपट. ते हवेतला ओलावा शोषतं. मग लांब उतारावर तापून त्यात वाफ होते, आणि पेडल दाबलं तरी ब्रेक लागत नाही. टायमिंग बेल्ट कधी बदलला, कुणालाच माहीत नाही.

शनिवारी आईबाबांना घेऊन कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जायचं होतं. आकडे वाचले नसते तर निघालो असतो, बहुधा पोचलोही असतो. पण पाच मिनिटं वाकून न बघणं, हे 'माहीत नव्हतं'मध्ये धरायचं? घाटात समोरून येणाऱ्या बाइकवाल्याला तर कुणी विचारलंच नव्हतं.

गाडी गॅरेजला आहे. आई म्हणते, "चांगली चालत होती की!"

काकांची दुसरी जुनी गाडी त्यांची मुलगी चालवते. आज संध्याकाळी त्यांच्याकडे जातोय. विषय कसा काढायचा, ते अजून सुचलेलं नाही.