तीन आणे दरडोई

राज्यकर्त्याने प्रजेवर नवा बोजा घालावा, प्रजेने त्याचे कारण विचारावे, आणि राज्यकर्त्याने उत्तर द्यावे, हा क्रम कोणत्याही सभ्य राज्यात असावयाचाच. परंतु उत्तर दिले एवढ्याने बोजा न्याय्य ठरतो असे नाही. कोणते उत्तर पुरे समजावे, आणि कोणते ऐकून घेतल्यावरही "महाराज, हे उत्तर नव्हे" असे म्हणावे, ह्याविषयी आज आम्ही वाचकांबरोबर थोडा विचार करू इच्छितो. उदाहरणादाखल मिठावरील कराची हकीकत घेतो. मीठ ठाऊक नाही असे घर नाही. शिवाय ज्यांच्या आजा-पणजांनी हा कर भरला अशी कुटुंबे आपल्या मंडळ्यांत पुष्कळच आहेत.

सन 1923 च्या मार्च महिन्यात दिल्लीच्या असेंब्लीत सर बेसिल ब्लॅकेट ह्यांनी हिंदुस्थान सरकारचे अंदाजपत्रक मांडले. हे सरकारचे फायनान्स मेंबर, म्हणजे खजिन्याचे कारभारी, असून विलायतेहून नुकतेच आले होते. मिठावरील कर त्या वेळी बंगाली मणास, म्हणजे सुमारे 82 रत्तलांस, सव्वा रुपया होता. तो दुप्पट करून अडीच रुपये करावा अशी त्यांची मागणी होती. एक वर्ष आधी, सर माल्कम हेली ह्यांच्या हाती हा कारभार असता, हीच मागणी पुढे आली होती. ती असेंब्लीने नाकारली आणि सरकारने तो नकार मान्य केला. आता तीच गोष्ट पुन्हा दारात उभी राहिली.

सरकारचे म्हणणे काय होते ते आधी नीट ऐकले पाहिजे, कारण विरुद्ध पक्षाचे म्हणणे अर्धे ऐकून न्याय सांगणे सोपे असते. महायुद्ध संपून गेले तरी त्याचा खर्च संपला नव्हता. 1919 साली अफगाणिस्तानाशी लढाई झाली, सरहद्दीवर वझिरिस्तानात फौजा गुंतून राहिल्या, आणि हुंडणावळीचा भाव कोसळला. पाच वर्षे ओळीने जमेपेक्षा खर्च अधिक झाला, व सर्व मिळून तूट शंभर कोटींच्या घरात गेली. ती कर्जावर भागवली जात होती. रोजचे मीठमिरची उधारीवर आणणाऱ्या घराची पुढे काय अवस्था होते हे आम्हांपैकी कोणास सांगावयास नको! ब्लॅकेटसाहेबांनी काटकसर केली नव्हती असेही नाही. लॉर्ड इंचकेप ह्यांच्या कमिटीने सुमारे 19 कोटी रुपयांची छाटणी सुचवली होती आणि सरकारने तिच्यातील बराच भाग पत्करला होता. तरीही चार कोटींच्या सुमारास तूट उरत होती. ती भरून काढावयाची तर मिठाखेरीज दुसरा मार्ग नाही, असे त्यांचे सांगणे. आणि हा बोजा तो केवढा? दरडोई वर्षाकाठी फक्त तीन आणे!

हा हिशेब खोटा नव्हता. माणशी वर्षास सुमारे बारा रत्तल मीठ धरले, आणि 82 रत्तलांवर वीस आणे वाढ धरली, तर माणशी तीन आण्यांस थोडे कमीच पडतात. आकडा बरोबर होता, आणि तरीही त्याने उत्तर होत नव्हते. ते का, हे सांगण्यासाठीच आम्ही हा लेख लिहीत आहो.

"दरडोई" हा शब्द पाहावा. जमिनीचा सारा दरडोई किती, असे कोणी विचारीत नाही. ज्याची जमीन जास्त त्याचा सारा जास्त. प्राप्तीवरील कराचेही तसेच. ज्या कराची वाटणी डोकी मोजून बरोबर करता येते, असा कर तोच की जो श्रीमंतास व दरिद्र्यास सारखाच लागतो. सावकाराच्या पोटात मीठ काही चौपट जात नाही. उलट उन्हात घाम गाळणाऱ्यास ते अधिक लागते. ज्याच्या ताटात भाकरीबरोबर कांदा व मीठ एवढेच कालवण, त्यास तर त्याच्याशिवाय घास उतरत नाही. गुरांनाही ते द्यावे लागते. पाच माणसांच्या घरास ह्या वाढीने पंधरा आणे पडत, म्हणजे त्या काळी कित्येक ठिकाणी शेतमजुराची दोन-तीन दिवसांची मजुरी. आणि जुना कर त्याखाली होताच. मुंबईच्या गिरणीमालकाच्या घरातही माणशी तीनच आणे. बोजा किती हलका आहे हे दाखवण्यासाठी सरकारने जो आकडा पुढे केला, तोच आकडा बोजा कोणाच्या खांद्यावर आहे हेही सांगत होता. परंतु सरकारच्या उत्तरात ह्या दुसऱ्या गोष्टीचा विचार नव्हता.

दुसरा मार्ग नाही, ह्या म्हणण्याचाही थोडा इतिहास आहे. 1902 साली नामदार गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी वरिष्ठ कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर आपले पहिले भाषण केले. त्या वेळी कौन्सिलरांस अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकारच नव्हता. बोलावे आणि खाली बसावे, एवढेच. आणि तेव्हा तूट नव्हती, शिल्लक होती, तीही कोटींनी. मिठावर कर मात्र अडीच रुपयेच, 1888 पासून चालत आलेला. गोखल्यांनी विचारले ते थोडक्यात असे की, दुष्काळाने पिळून निघालेल्या रयतेकडून गरजेपेक्षा जास्त घेऊन त्यास सुस्थिती का म्हणावे? मीठ महाग झाले म्हणजे गरीब ते कमी खातो, हेही त्यांनी आकड्यांनिशी मांडले. कर 1903 साली दोन रुपये, 1905 साली दीड, आणि 1907 साली एक रुपया असा उतरत गेला, व मिठाचा खप वाढला. 1916 साली युद्धामुळे सव्वा रुपया झाला. तेव्हा वाचकांनी लक्षात घ्यावे की, शिल्लक असता सावधगिरी म्हणून, आणि तूट असता निरुपाय म्हणून, ओझे एकाच पाठीवर ठेवण्याची कारणे सापडत होती. निरुपाय हा शब्द आम्हांस त्यामुळेच थोडा संशयास्पद वाटतो. खजिन्यात पैसा हवा हे खरे निरुपायाचे असू शकेल. तो ह्याच पाठीवरून हवा, हे कोणी तरी ठरवलेले असते.

असेंब्लीने 1923 साली ती वाढ पुन्हा नाकारली. ह्या वेळी मात्र व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग ह्यांनी नकार मानला नाही. 1919 च्या कायद्यात अशी तजवीज होती की, एखादे बिल राज्याच्या सुरक्षिततेस, शांततेस किंवा हितास अवश्य आहे असा दाखला व्हाइसरॉयने दिला, म्हणजे असेंब्ली नको म्हणत असली तरी ते कायदा व्हावे. तो दाखला दिला गेला. तीन आण्यांच्या मिठावर साम्राज्याची सुरक्षितता अवलंबून होती, हे वाचून आजही थोडे नवल वाटते.

येथे सरकारच्या बाजूने एक बळकट मुद्दा आहे आणि तो लपवणे बरे नव्हे. ज्यास खर्च भागवावयाचा नाही त्यास "नाही" म्हणणे फुकट पडते. असेंब्लीचे सभासद कर नाकारून टाळ्या मिळवीत, आणि पैसा कोठून आणावा ह्याची विवंचना दुसऱ्याने करावी, हा बेजबाबदारपणा नव्हे काय? होय, ह्यात तथ्य आहे. मंडळीच्या सभेतही आपण हे पाहतो. छप्पर दुरुस्त करावे असे सर्व म्हणतात, वर्गणीची यादी फिरली की बाके रिकामी होतात. पण त्या सभासदांस बेजबाबदार कोणी केले होते? सर्वांत मोठा खर्च लष्कराचा. इंचकेप कमिटीने स्वतः म्हटले होते की तो पुढे 50 कोटींपर्यंत खाली आणावा. त्या खर्चावर असेंब्लीस मत देण्याचा अधिकार कायद्यानेच नव्हता. ज्यास ताट किती वाढावे हे विचारले जात नाही, त्याच्यापुढे फक्त बिल ठेवावे, आणि त्याने सही केली नाही तर त्यास बेजबाबदार म्हणावे, हे आम्हांस पटत नाही.

आमचे काही वाचक म्हणतील की, ज्याचा कर त्यास द्यावा हे प्रेषिताचे शिक्षण आपण ऐकत आलो, मग ही चर्चा आपणास कशाला? शंका योग्य आहे. परंतु ते शिक्षण देणाऱ्यास आहे. घेणाऱ्याचा हिशेब निराळ्या वहीत आहे. एकाने मुकाट्याने दिले म्हणून दुसऱ्याने न्यायाने घेतले असे सिद्ध होत नाही. रयतेने 1923 साली अडीच रुपये दराने कर भरला. वर्षअखेरच्या निवडणुकीत पुष्कळ मतदारसंघांतून सरकारविरोधी उमेदवार निवडून आले, आणि 1924 साली कर पुन्हा सव्वा रुपयावर आला. पुढे 1930 साली दांडी व आपल्या कोकणातील शिरोडे येथे काय झाले ते प्रसिद्धच आहे. 1947 च्या एप्रिलमध्ये तो कर बंद झाला.

आता असा दाखला देणारा कोणी उरला नाही. राज्यघटनेच्या 265 व्या कलमाप्रमाणे कायद्याच्या आधारावाचून कर बसवता येत नाही, आणि पैशाच्या विधेयकावर शेवटचा शब्द लोकांनी निवडलेल्या लोकसभेचा. राज्यसभेस ते फार तर चौदा दिवस ठेवता येते. हे मोठेच अंतर आपण चालून आलो. तथापि बहुमत हाही एक दाखलाच होऊ शकतो. 2018 च्या मार्चमध्ये लोकसभेत गदारोळ चालू असता खर्चाच्या मागण्या व वित्तविधेयक चर्चेवाचून मंजूर झाली. असे दुसऱ्या पक्षांच्या अमदानीतही घडले आहे, आणि गदारोळ करणारेही लोकांनीच पाठवलेले होते. गोखल्यांस मत नव्हते, पण त्यांचे भाषण बसून ऐकावे लागले. येथे मत सर्वांस होते आणि बोलणे कोणाचेच झाले नाही. दोहोंपैकी कोणती सभा रयतेच्या अधिक उपयोगाची, हे वाचकांनीच पाहावे.

दिल्ली दूर आहे, हे खरे. ग्रामसभा दूर नाही. तेथे पाणीपट्टी वाढवण्याचा ठराव येतो, आणि "घरामागे थोडेसेच" असे सांगितले जाते. वाड्याच्या आवारात विहीर असून वर तीन नळ असलेले घर, आणि वस्तीच्या टोकाचे, सार्वजनिक नळावर हंडे लावणारे घर, ह्या दोघांच्या "घरामागे" म्हणजे किती, असे एखाद्या वाचकाने उभे राहून विचारले, तर सरपंचास वही उघडून उत्तर द्यावे लागेल, आणि ते उत्तर सर्वांसमक्ष द्यावे लागेल.