देव थांबला असता



२०२० सालचा आषाढ आपल्यापैकी कोणी विसरणार नाही. ३० जूनला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, दुसऱ्या दिवशी एकादशी झाली आणि जन्मभर वाट चाललेली माणसं घराच्या ओट्यावर टाळ घेऊन बसली. आपण मनाची समजूत घातली. सावता महाराज अरणचा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, देवच त्यांच्याकडे आला. मग आपल्याकडे का येणार नाही? समजूत खोटी नव्हती. देव सर्वांठायी आहे असं आपण रोज म्हणतो, त्या वर्षी ते जगून पाहावं लागलं.

पण वारी घरातून झाली म्हणून शाळाही घरातून होईल, असंही आपण धरून चाललो. त्याविषयी लिहायचं आहे.

मार्चमध्ये शाळा बंद झाली तेव्हा माझी नात पहिलीत होती. अक्षरं येत होती, काना-मात्रा लावता येत होत्या, जोडाक्षरं यायची होती. घरात मोठ्या पडद्याचा फोन एकच, मुलाचा. तो दिवसभर त्याच्याबरोबर दुधाच्या गाडीवर. संध्याकाळी मुलगा घरी आला की गुरुजींनी सकाळी पाठवलेला अभ्यास उघडायचा. आणि सातलाच कीर्तनाचं थेट प्रक्षेपण असायचं. देवळाला कुलूप, भजन बंद. मला तेवढाच आधार होता. रोजचं दीड जीबी नेट. कीर्तन संपेपर्यंत तेही संपायचं आणि नात झोपलेली असायची.

मला कोणी काही बोललं नाही. सून उलट पोरीलाच सांगायची, "आबांचं कीर्तन चाललंय, गप बस." म्हाताऱ्याच्या नेमाआड यायचं नाही, ही आमच्या घरची रीत. गुरुजींनाही दोष देणार नाही. तोंडाला रुमाल बांधून ते अधूनमधून वस्तीवर यायचे, पाच-सहा पोरं लांब लांब बसवून ओट्यावर शिकवायचे. त्यांच्या हाती तेवढंच होतं.

खेड्यापाड्यांतले पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला उघडले. तोवर नातीच्या पहिलीचा शेवट, दुसरी सगळी आणि तिसरी निम्मी घरातच गेली होती. त्याच सुमारास एका संध्याकाळी ती हरिपाठाला माझ्याशेजारी पुस्तक धरून बसली. खड्या आवाजात म्हणत होती, शब्द चुकत नव्हता. सहज खाली पाहिलं तर पान मागचंच होतं. मी एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, "हे काय गं?" ती ओळ पहिल्यापासून मनात म्हणत त्या शब्दापर्यंत यायला बघत होती; पण ओळ कुठली तेच तिला कळत नव्हतं.

खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा : बिघडलं काय? पाठ तर आहे! आपल्या संप्रदायात अक्षरओळख नसलेल्या किती माणसांनी देव गाठला. माझी आईसुद्धा त्यातलीच.

पण आईचीच एक आठवण या विचाराला आडवी आली. ज्ञानेश्वरीच्या पारायणात ती मागे बसून ऐकायची. दुपारी मंडप मोकळा झाला की पुढे जाऊन पोथी उघडायची आणि नुसती पानं बघत राहायची. लहानपणी मी विचारलं, "आये, काय बघतीस?" म्हणाली, "मुंग्या बघते." तिला वाचता येत नव्हतं, कारण तिला कोणी शाळेत घातलं नव्हतं. त्यात भूषण काही नव्हतं. माउलींनी गीता मराठीत आणली ती काय मुंग्या दिसाव्यात म्हणून? निरक्षराची भक्ती देवाला पोचते, याबद्दल मला शंका नाही. त्या सत्याचा आडोसा मी, वाचता येणाऱ्या माणसाने, नातीच्या बाबतीत घ्यावा याची मात्र लाज वाटली.

ही एकट्या माझ्या घरची गोष्ट नव्हे. 'असर' नावाच्या पाहणीत देशभरच्या खेड्यांतल्या मुलांना दुसरीचा उतारा वाचायला देतात. तिसरीतल्या शंभर मुलांपैकी २०१८ साली सत्तावीस मुलं तो वाचू शकत होती, २०२२ साली वीस. आधीचा आकडाही काही मिरवण्यासारखा नव्हता, ते वेगळं.

मंदिरं उघडावीत म्हणून पंढरपुरात आंदोलन झालं, मनातून मीही त्यात होतो. २०२० च्या पाडव्याला मंदिरं उघडली. लहान मुलांच्या वर्गांना त्यापुढे वर्षभर लागलं, आणि त्यासाठी आमच्या गावात कोणी टाळ वाजवल्याचं मला आठवत नाही. मुलांच्या जिवाची काळजी होतीच. पण मुलांनी रोग घरी आणला तर आजा-आजी जातील, ही भीतीही तेवढीच मोठी होती. म्हणजे पोरं घरी बसली त्यात आम्हा म्हाताऱ्यांना राखणंही होतं. त्यांच्या वाट्याची दोन वर्षं आमच्या खाती जमा झाली, आणि वर संध्याकाळचा फोनही मीच घेतला.

पुंडलिकाची कथा मी शेकडो वेळा ऐकली आहे. तो आईबापाचे पाय चेपत होता, देव दारात आला, त्याने वीट फेकली आणि थांब म्हणाला. मातृपितृभक्तीचा महिमा आला की आम्ही वडीलधारे माना डोलावतो. गोष्ट आमच्या सोयीची आहे. पण हातातली सेवा सोडवत नाही म्हणून देवालाही उभं करणारा माणूस त्या गोष्टीत आहे. माझ्या पुढ्यात त्या दिवसांत दप्तर घेऊन पोर बसलेली होती. देव थांबला असता. मी त्याला विचारलंच नाही.

तेव्हापासून आमच्याकडे हरिपाठ आठला असतो. भजनातल्या एका जुन्या सोबत्याने विचारलं, "आबा, नेम मोडला?" मी म्हटलं, "तासभर पुढे गेला." त्याला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. सात ते आठ नात मोठ्याने वाचते, मी ऐकतो. आता ती वरच्या वर्गांत आहे. लांब शब्द आला की अजून बोट थांबतं, पण माझ्याकडे बघत नाही. परवा 'स्वातंत्र्योत्तर' तिने आधी तीन तुकड्यांत वाचला, मग सलग.