मनाच्या दुखण्याला अंगारा नको, उपचार हवा



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांना धम्मदीक्षा दिली आणि तिच्याबरोबर बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या प्रतिज्ञांमुळे आपल्या घरांतून देव्हारे गेले, नवस गेले, श्राद्ध-पिंडदान गेले. तुमच्यापैकी ज्या कुटुंबांनी अलीकडे दीक्षा घेतली, त्यांनीही भिंतीवरच्या तसबिरी उतरविल्या असतील. ते काम त्यामानाने सोपे असते. खरी परीक्षा पुढे येते. घरातले माणूस रात्र-रात्र झोपत नाही, अन्नावरची त्याची वासना उडते, कामावर निघताना त्याची छाती धडधडते, बाळंतीण बाळाकडे न बघता भिंतीकडे तोंड करून पडून राहते. मग घरातील वडील मंडळी दबक्या आवाजात म्हणतात, "बाहेरचे काही झाले असेल, एकदा देवऋषाकडे दाखवून आणू." प्रतिज्ञा कसोटीला लागते ती अशा वेळी.

या वाटेचे धोके मी विस्ताराने सांगत नाही. भूत उतरविण्याच्या नावाखाली आजारी माणसाला मारहाण करणे, साखळीने बांधणे, डॉक्टरकडे जाण्यापासून रोखणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झटले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली.

परंतु दुसरी एक चुकीची वाट आपल्या नव्या घरांत तयार होत आहे आणि ती चांगुलपणाच्या वेषात येते, म्हणून तिच्याविषयी बोलणे अधिक अगत्याचे आहे. आजारी माणसाला आपण सांगतो, "आता तू बौद्ध झालास, मन खंबीर ठेव. त्रिशरण म्हण. ध्यानाला बस. बाबासाहेबांनी एवढे सोसले, तुला एवढेसे सोसवत नाही?" सांगणाऱ्याचा हेतू शुद्ध असतो. ऐकणाऱ्याला मात्र वाटते की आपण धम्मालाही नालायक ठरलो. आधीच दुखणाऱ्या मनावर अपराधाचे आणखी एक ओझे पडते.

तथागतांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. दुःखाचा पहिला बाण माणसाला लागतो. त्यावर मन शोक करते, चडफडते, स्वतःला कोसते, तो दुसरा बाण. पहिला बाण नेहमी टाळता येत नाही. दुसरा टाळण्याची विद्या शिकता येते. पण ती विद्या शिकण्याआधीच "तू कमकुवत आहेस" असे म्हणून आपण तिसरा बाण मारू नये.

आता कोणी विचारील, धम्म हेच जर मनाचे औषध आहे, तर समुपदेशकाकडे कशाला जायचे? प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांनी आपल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बुद्धाच्या शिकवणुकीचे पहिले वैशिष्ट्य सांगितले ते हेच की तिने मनाला सर्व गोष्टींचे केंद्र मानले. म्हणूनच मनाच्या दुखण्याकडे दुर्लक्ष करणे बौद्धाला शोभत नाही. चार आर्यसत्यांची मांडणी पाहा. दुःख आहे, त्याला कारण आहे, त्याचा निरोध होऊ शकतो, निरोधाचा मार्ग आहे. आजार ओळखावा, कारण शोधावे, बरे होणे शक्य आहे हे जाणावे आणि उपचार करावा, हीच वैद्याची रीत. स्वतः तथागत आजारी पडले तेव्हा त्यांनी राजगृहाच्या जीवक वैद्याचे औषध घेतले. शरीरासाठी वैद्य चालतो आणि मनासाठी चालत नाही, असे म्हणायला आधार कोणता?

किसा गोतमीची कथा आपण विहारात ऐकतो. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरत होती. तथागतांनी चमत्कार केला नाही आणि जगाच्या नश्वरतेवर प्रवचनही दिले नाही. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आण, एवढे एकच काम त्यांनी तिला दिले. ती दारोदार गेली, घरोघरचे दुःख तिने ऐकले आणि जे समजायचे ते तिचे तिलाच समजले. मग तिने मुलाला मूठमाती दिली. चांगला समुपदेशक नेमके असेच करतो. तो उत्तर हातावर ठेवत नाही. प्रश्न विचारतो, लहानसे काम देतो आणि दुःखी माणसाला स्वतःच्या पायांनी सत्यापर्यंत चालू देतो.

त्या खोलीत प्रत्यक्ष काय घडते, हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ लोक तिकडे जायला भितात. एक उदाहरण घेऊ. समजा, घरातला पहिला पदवीधर तरुण आहे. बापाने कर्ज काढून त्याला स्पर्धा परीक्षेसाठी शहरात ठेवले. दोनदा निकालात नाव आले नाही. आता तो गावी फोन करीत नाही, दिवसभर खोलीत पडून असतो. "मी सगळ्यांना बुडविले, माझ्याने काहीच होणार नाही," एवढा एकच विचार त्याच्या डोक्यात फिरत राहतो.

समुपदेशकाशी त्याची साधारणपणे आठवड्यातून एकदा, पाऊण ते एक तासाची भेट ठरते. पहिल्या भेटीत झोप, भूक, घर, व्यसन, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार यांविषयी विचारणा होते. तेथे बोललेले बाहेर जात नाही. कोणाच्या जिवाला धोका असेल तरच इतरांना कळविले जाते. पुढे त्याला वही ठेवायला सांगतात. मन खचले त्या वेळी काय घडले, कोणता विचार आला, अंगात काय जाणवले, मग काय केले, हे त्यात लिहायचे. नंतर दोघे मिळून तो विचार तपासतात. काहीच होणार नाही, याला पुरावा काय? मग पदवी कोणी मिळविली? हाच प्रसंग मित्रावर आला असता तर त्याला तू काय म्हणाला असतास? त्याबरोबर सकाळी ठरल्या वेळी उठणे, अर्धा तास चालणे, एका मित्राला भेटणे अशी छोटी कामे ठरतात. उत्साह येईल तेव्हा काम करीन असे म्हणून माणूस थांबतो. काम सुरू केल्यावर उत्साह येतो, हे त्याला अनुभवाने पटते. ज्याला भीतीचा त्रास आहे, त्याला भीतीच्या गोष्टीकडे पायरी-पायरीने नेतात. बऱ्याच जणांना अशा ८ ते १६ भेटींत लक्षणीय आराम पडतो.

विचार तपासण्याची ही पद्धत अमेरिकेतील डॉ. आरन बेक यांनी १९६० नंतरच्या दशकात घडविली. पुढे १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी तेथील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सतीच्या, म्हणजे जागरूकतेच्या, अभ्यासावर आधारलेला उपचार सुरू केला. आपल्या सम्यक स्मृतीचाच धागा त्यांनी उचलला. ज्यांना नैराश्य पुन्हा पुन्हा येते, त्यांच्यासाठी अशा जागरूकतेवर आधारलेली उपचारपद्धती आज अनेक देशांत वापरली जाते. मात्र तीव्र आजारात केवळ ध्यानावर विसंबू नये. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरांच्या माहितीपत्रकांतही हे वैद्यकीय उपचारांना पर्याय नव्हे, असे स्पष्ट लिहिलेले असते.

नुसत्या बोलण्याने सगळेच आजार बरे होत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. भास होणे, महिनोन्‌महिने झोप नसणे, नैराश्य फार खोल असणे, अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर औषधे देतात. बरे वाटू लागताच ती आपल्या मनाने बंद करू नयेत.

आता आपल्या समाजाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपली पुष्कळ दुःखे मनात जन्मलेली नाहीत. ती जातीने बाहेरून दिलेली आहेत. वसतिगृहातला टोमणा, कचेरीतील कुजबुज, आडनाव कळल्यावर नाकारलेली भाड्याची खोली, या जखमा खऱ्या आहेत. अशा जखमी माणसाला "तुझे विचार चुकतात, जुळवून घे" एवढेच सांगणारा समुपदेशक भेटला, तर खुशाल दुसरा शोधावा. उपचाराचा हेतू अन्याय गोड मानून घेणे हा नाही. अपमान करणाऱ्याचा दोष आपण स्वतःवर घेतलेला असतो. तो उतरवून ठेवणे आणि लढण्याची शक्ती परत मिळविणे, हा त्याचा हेतू. अन्यायाविरुद्ध १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, संघटना आहे. त्यांचा आधार घ्यावाच. पण लढणाऱ्याचे मनही जपले पाहिजे.

बाबासाहेबांचेच पाहा. जुलै १९२६ मध्ये त्यांचा लाडका राजरत्न गेला. त्याआधीही त्यांची अपत्ये गेली होती. ऑगस्टमध्ये त्यांनी दत्तोबा पवार या आपल्या स्नेह्यास पत्र लिहिले आणि त्यात आपला शोक मोकळा केला. त्या महापुरुषाला मित्राजवळ मन उघडण्यात कमीपणा वाटला नाही. आणि २० मार्च १९२७ रोजी, म्हणजे अवघ्या काही महिन्यांनी, तेच बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर उभे होते. दुःख बोलून दाखविणारा माणूस दुबळा असतो, असे यापुढे कोणी म्हणू नये.

मग जायचे कोठे? खासगी समुपदेशकाची फी अनेकांना परवडत नाही, हे खरे. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो, तेथे चौकशी करावी. पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही शासकीय सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मोफत आणि मराठीतून बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने शासकीय सेवेतून असे उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. ज्याने जीव देण्याचा प्रयत्न केला तो तीव्र ताणाखाली होता असे मानावे आणि शासनाने त्याची काळजी घ्यावी, असेही तो कायदा सांगतो. खासगी तज्ज्ञाकडे जाताना त्याचे शिक्षण विचारावे. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असते. पाटी लावली म्हणजे तज्ज्ञ झाला, असे नाही.

घरच्यांनी काय करावे? ऐकावे, मध्येच उपदेश करू नये, पहिल्या भेटीला सोबत जावे आणि डॉक्टर सांगतील तेव्हा बाहेर बसावे. लग्न करून दिले की ठीक होईल, ही समजूत सोडावी; त्यात दोन आयुष्यांचे नुकसान होते. जगणे नकोसे झाले, असे कोणी म्हटले तर ते थट्टेवारी नेऊ नये. तसे विचार मनात येतात का, हे सरळ, मायेने विचारावे. विचारल्याने तो विचार वाढत नाही. अशा माणसाला एकटे सोडू नये, शेतातली विषारी औषधे कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

विहारांनीही आपला वाटा उचलावा. पौर्णिमेच्या वंदनेनंतर वर्षातून एक-दोनदा तरी जिल्हा रुग्णालयातील तज्ज्ञाला बोलवावे आणि १४४१६ हा क्रमांक फलकावर लिहून ठेवावा. कल्याणमित्राची संगत हे धम्मजीवनाचे अर्धे नव्हे तर सर्वस्व आहे, असा बोध तथागतांनी आनंदाला केला होता. आजच्या काळात तो कल्याणमित्र कधी शेजारी असेल, कधी भिक्खू असेल, तर कधी रुग्णालयाच्या लहानशा खोलीत समोर बसलेला समुपदेशक असेल. त्याच्याकडे जाणाऱ्याने मान खाली घालू नये, आणि त्याला जाताना पाहणाऱ्याने कुजबुज करू नये.

नमो बुद्धाय! जय भीम!