डब्यातले पैसे

आईचा हिशेब डब्यांत असायचा. तांदळाच्या डब्यात लाइटबिलाचे पैसे, डाळीच्या डब्यात आमच्या फीचे. अडीनडीला ती एकातले काढून दुसरीकडे लावायची, पण पगार होताच आधी ते जागेवर ठेवायची.

२०१० मध्ये केंद्र सरकारनेही असाच एक डबा मांडला. कोळशावर टनाला ५० रुपये उपकर. पैसा स्वच्छ ऊर्जेसाठी. २०१६ पर्यंत तो ४०० वर गेला. उद्योगांनी कुरकुर केली, पण फार ताणलं नाही. का ताणावं? एक युनिट विजेला पाऊण किलोहून थोडा कमी कोळसा लागतो, म्हणजे युनिटमागे साधारण पाव रुपया. तो शेवटी बिलातून आपणच भरला. ‘कराने उद्योग बसतील’ ही नेहमीची ओरड इथे तरी फोल ठरली. २०१०-११ मध्ये देशात ५३ कोटी टनांच्या आसपास कोळसा निघत होता. २०२४-२५ मध्ये १०० कोटींचा आकडा ओलांडला. उलट कर थोडा अधिक बोचायला हवा होता, असं माझं मत.

आणि डबा? २०१७-१८ पर्यंत सुमारे ८६ हजार कोटी जमले. स्वच्छ ऊर्जेच्या निधीत पोचले तीस हजारांच्या आत, कामाला लागले सोळा हजारांच्या आसपास. जीएसटी आल्यावर तेच ४०० रुपये राज्यांच्या महसुली भरपाईकडे वळले. राज्यांची गरज खोटी नव्हती. पण त्यांना जीएसटी परिषदेत खुर्ची होती. चंद्रपुरात औष्णिक केंद्राच्या शेजारी राहून वाळवणावरची राख झटकणाऱ्या बाईला ती नव्हती. मन्सर ओल्सन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९६५ मध्येच लिहून ठेवलंय: थोड्यांचा मोठा लाभ असला की ते चटकन एकत्र येतात, लाभ लाखोंत वाटला जाणार असला की कुणीच उठत नाही. श्वास घेणाऱ्यांची कुठे युनियन असते?

२२ सप्टेंबर २०२५ ला उपकर गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. कर वाढल्यासारखा दिसतो, पण हजार रुपये टनाच्या कोळशावर आधी ४५० रुपये पडत, आता १८०. स्वस्त कोळसा म्हणजे बहुधा जास्त राखेचा.

जीएसटी-कपातीच्या त्या आठवड्यात घरोघरी साबण, शाम्पू, मोटारी किती उतरल्या याचा हिशेब चालला होता. मीही कागद-पेन्सिल घेऊन बसलो होतो.