दार उघडे ठेवा



उपासना वर्ष संपत आले की शुभवर्तमानाचा सूर गंभीर होतो. आजच्या वाचनात (लूक २१:५-१९) लोक येरुशलेमच्या मंदिराचे सुंदर दगड पाहून हरखले आहेत आणि प्रभू येशू सांगतो की ह्यातला एकही दगड जागेवर राहणार नाही. ऐकणारे लगेच विचारतात, हे कधी होणार? खूण काय?

हाच प्रश्न सध्या आपल्या धर्मग्रामातही फिरतो आहे, तोही मोबाईलवरून. तीन दिवस जगावर अंधार पसरेल, फक्त आशीर्वादित मेणबत्त्या पेटतील, खिडक्या झाकून घ्या, बाहेरून कुणीही हाक मारली, अगदी आईचा आवाज आला तरी दार उघडू नका! आपल्यापैकी काहींनी मेणबत्त्यांची खोकी आणून ठेवली आहेत. एका माउलीने तर विचारले, "मुलीच्या कॉलेजची फी भरू की थांबू?" ह्यावर हसू नये. बाहेर युद्धांच्या बातम्या आणि घरात आजारपण असताना मध्यरात्री असे काही वाचले तर आपलीही झोप उडते. आपणही तो संदेश पुढे पाठवलाच की!

प्रभूने मात्र तारीख दिली नाही. युद्धे, भूकंप, दुष्काळ, साथी येतील. पण भयभीत होऊ नका, शेवट लगेच होणार नाही, असे तो सांगतो. 'वेळ जवळ आली' म्हणत जे येतील त्यांच्या मागे जाऊ नका, ही ताकीद तर तो सर्वांत आधी देतो. पुढे इ. स. ७० मध्ये रोमी सैन्याने ते मंदिर खरोखरच जाळले. अनेकांना तो जगाचा अंत वाटला असेल. पण ख्रिस्तसभेची वाटचाल थांबली नाही.

आपल्याला त्यासाठी येरुशलेमला जायला नको. वसईच्या किल्ल्यात जाऊन या. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला, पोर्तुगीज निघून गेले. आज तिथल्या फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन चर्चवर छप्पर नाही, भिंतींवर झाडे उगवली आहेत. आपल्या पूर्वजांनी त्या वेळी काय विचार केला असेल? ज्या घंटांवर दिवस चालायचा त्याच थांबल्या. तरी त्यांनी शेते पेरली, वाड्या शिंपल्या, मुलांना क्रुसाची खूण करायला शिकवली. म्हणून तर आज आपण इथे मिस्साला बसलो आहोत.

आजच्या दुसऱ्या वाचनातले थेस्सलनीकाचे लोकही असेच गोंधळले होते. प्रभूचा दिवस आलाच आहे, अशी आवई उठली होती. काहीजण कामधंदा सोडून इतरांच्या उठाठेवी करत फिरत होते. संत पौलाने त्यांना गूढ खुणा उलगडून दाखवण्याऐवजी सरळ सांगितले, शांतपणे काम करा आणि स्वतःची भाकर खा. तो स्वतः तंबू शिवणारा, कुणावर भार न टाकणारा. त्या माउलीला आपले उत्तरही तेच. फी भरा.

त्या संदेशातली एक गोष्ट आम्हाला सर्वांत खटकली, ती म्हणजे दार न उघडण्याची. ज्या प्रभूने 'मी परका होतो' असे म्हटले, तो आपल्याला दाराबाहेरच्या हाकेकडे पाठ फिरवायला कशी सांगेल? २०२० साली आपण खरोखरच दारे लावून घरात बसलो होतो. त्या वर्षी २७ मार्चला पोप फ्रान्सिस पावसात, रिकाम्या संत पेत्राच्या चौकात उभे राहिले आणि त्यांनी वादळातल्या नावेचा उतारा निवडला. नावेत प्रभू झोपला होता, पण होता नावेतच. आणि इथे आपल्या आळीत त्याच दिवसांत कुणी कुणाच्या ओट्यावर भाजीची पिशवी ठेवून, कडी वाजवून लांब उभे राहत होते. आजारी घरातला माणूस दार किलकिले करून हात जोडत होता. ती कडी आपण विसरलो का?

आता आणलेल्या त्या मेणबत्त्या. फेकू नका. हा मृतांचा महिना आहे. येत्या रविवारी ख्रिस्तराजाचा सण आहे, त्याच्या आदल्या संध्याकाळी आपण सारे दफनभूमीत जमू. ज्या कबरींवर वर्षानुवर्षे कुणी येत नाही, तिथे त्या लावू. काडेपेटी मात्र जास्त आणा, वारा असतो.